अप्पांनी थांबवलेला स्लॅब

पावसाळा सरता सरता आमच्या प्रयोगशाळेच्या कामांच्या यादीत माझ्या गावच्या शाळेचं नाव आलं. मी कलबुर्गीत नोकरी करतो. पूल, पाण्याच्या टाक्या, जुन्या इमारती यांचं काँक्रीट न फोडता तपासायचं आणि ते कितपत टिकेल ते लिहून द्यायचं, हे माझं काम. यादीत दोनच ओळी होत्या : शाळेचा हॉल, बीमजवळ गळती, गिलाव्याचा तुकडा पडला. मुलांना आत बसवावं की नाही, याचा अहवाल हवा.

तो हॉल माझ्या वडिलांनी बांधला होता.

अप्पा गावात मेस्त्री होते. बसवकल्याण तालुक्यातल्या आमच्या भागात त्यांनी उभी केलेली घरं पुष्कळ आहेत, पण घर ज्याचं असतं त्याच्याच नावानं ते ओळखलं जातं. हॉलचं तसं नव्हतं. तो गावानं वर्गणी आणि अंगमेहनतीनं उभा केला होता, त्यामुळे त्यावर कुणा एकाचं नाव नव्हतं, आणि लोक आपसूकच 'मेस्त्रीचा हॉल' म्हणायचे. लग्नाची बैठक मेस्त्रीच्या हॉलात, डोळे तपासायचं शिबिर मेस्त्रीच्या हॉलात. अप्पांना लिहिता येत नाही. हा हॉल, एवढी एकच गोष्ट त्यांच्या नावावर होती.

साहेबांनी यादी पाहून विचारलं, "गाव तुझंच ना हे? जा मग तूच. घरची भाकरी तरी खाऊन येशील."

हॉलचा मेस्त्री कोण, हे त्याच वेळी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. मीच गेलो तर नीट तपासेन, दुसरा कुणी घाईत काहीबाही लिहील, अशी मी माझी समजूत घातली. खरं म्हणजे अप्पांच्या कामात खोट निघेल, अशी मला भीती वाटत होती.

आमचं यंत्र एवढंसं असतं, शाळेच्या दप्तराएवढं. त्याला दोन वायरी, आणि वायरींच्या टोकाला हातात धरायच्या डबीसारखे दोन प्रोब. एका प्रोबमधून कानाला ऐकू न येणारा आवाज काँक्रीटमध्ये सोडायचा, दुसऱ्यानं तो पकडायचा. मधलं अंतर टेपनं मोजलेलं असतं. आवाजाला पोचायला किती वेळ लागला ते यंत्र सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात सांगतं. काँक्रीट भरीव असेल तर आवाज सरळ आणि झटकन जातो. आत भेग असेल, पोकळी असेल, तर तिला वळसा घालून जातो, म्हणून उशिरा पोचतो. त्या उशिरावरून आम्ही आतली भेग ओळखतो.

हे सगळं मी पुस्तकातून शिकलो, पण त्याआधी कुणीतरी शाळेत पाठवावं लागतं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पदवी घेतली नव्हती. गावच्या शाळेतल्या गुरुजींनी मला बसवकल्याणच्या हायस्कुलात स्वतः नेऊन घातलं. अप्पांनी मला कधी घमेलं उचलू दिलं नाही. सुट्टीत कामावर गेलो तर म्हणायचे, "सावलीत बस, पाढे म्हण. माल कालवायला मी हाय की." ते उपकार मी विसरलेलो नाही. म्हणूनच त्या दिवशी शाळेपाशी पोचल्यावर मी जीपमधून सगळ्यांच्या शेवटी उतरलो.

माझ्यासोबत आमचे एक जुने तंत्रज्ञ होते. माझ्याहून वयानं वीसेक वर्षांनी मोठे, पण मला 'साब' म्हणणारे, दखनी बोलणारे. आम्ही बीमवरचा गिलावा जागोजाग घासून काढला, प्रोबला ग्रीस लावलं, यंत्र सुरू केलं. शाळेत दुपारचं जेवण शिजवणाऱ्या दोघी जणी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काय करायलाव साहेब?"

"आवाज सोडून आत काय आहे ते बघतोय, मावशी."

"म्हंजी सोनोग्राफीच म्हणा की!"

"तसंच."

"मग सांगा की, पोरगं हाय का पोरगी?"

"गप ग," दुसरी म्हणाली, "ते सांगायला बंदी हाय. धरून नेतील साहेबाला."

त्या हसल्या, मीही हसलो. हेडमास्तर आले, त्यांनी मला ओळखलं आणि लगेच व्हरांड्यात बसलेल्या मुलांना सांगितलं, "हे आपल्याच शाळेत शिकले. ह्यांच्या वडिलांनीच हा हॉल बांधलाय." मुलं माझ्याकडे बघू लागली. आमच्या तंत्रज्ञांनीही वळून पाहिलं, आणि पुन्हा प्रोबला ग्रीस लावू लागले.

खांब चांगले निघाले. स्लॅब चांगला निघाला. शहरातल्या मोठमोठ्या इमारतींत मिळत नाहीत असे आकडे येत होते. अप्पांना वाळू धुऊन, चाळून घेतल्याशिवाय चैन पडायचं नाही. पाणी जास्त झालं तर ते गड्यावर ओरडायचे, "आमटी करायलास का रे?" प्रत्येक आकडा लिहिताना माझी छाती फुगत होती. वाटलं, गळती वरून कुठून तरी असेल. वरच्या थराची डागडुजी सुचवू, काम संपेल.

मग आम्ही दाराकडच्या खांबाजवळ आलो.

तिथे बीमवर, खांबापासून हात-दीड हातावर, एक बारीक तिरपी रेघ होती. ओल तिथूनच झिरपत होती. रेघेच्या अलीकडे एक प्रोब, पलीकडे एक. आवाजाला लागलेल्या वेळाचा आकडा आला तो इतर ठिकाणच्या जवळजवळ दुप्पट. मी ग्रीस पुसलं, पुन्हा लावलं. तोच आकडा. अंतर बदलून पाहिलं. उशीर कायम. रेघ खूप आतवर गेलेली होती.

"पुन्हा एकदा घेऊ," मी म्हणालो.

"कित्ते बार पूछते साब? जवाब वोइच है." त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं. "ये दरार नईं. जोड है. इधर काम रुका था."

तो दिवस मला आठवत होता. मी पहिलीत होतो.

ज्या जागेवर हॉल आहे ती जागा आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या विधवा बाईची होती. सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची. तिला मूलबाळ नव्हतं. 'माझ्यामागं ह्या जागेत उकिरडा होईल, त्यापेक्षा लेकरं तरी बसतील,' म्हणून तिनं ती जागा शाळेला दिली होती. रोज काठी टेकत यायची, विटांच्या ढिगावर बसून अप्पांना बोलायची, "मेस्त्री, मी मरायच्या आत छत दाव रे बाबा."

स्लॅबच्या दिवशी सकाळपासून मिक्सर फिरत होता. घमेली हातोहात वर जात होती. उन्हं वर आली तेव्हा गल्लीतून बातमी आली की अक्का गेली.

आमच्याकडे गल्लीत मढं असलं की ते उठेपर्यंत चूल पेटत नाही, औत चालत नाही, दुकानाची फळी उघडत नाही. आणि अक्काचं घर हॉलच्या भिंतीला लागून. गडी एकमेकांकडे पाहू लागले. एक जण म्हणाला, "मेस्त्री, माल वाळंल की." दुसऱ्यानं त्याला झापलं, "तिच्याच जागंवर, तिचं मढं शेजारी बसवल्यालं असताना, मशीन घरघर लावतूस? लाज न्हाई का?"

अप्पा शिडीवर उभे होते. त्यांनी एकदा अक्काच्या घराकडे पाहिलं. मग खाली उतरले, मिक्सर बंद केला, थापी धुतली.

वाटलं होतं, दोन तासांत उरकेल. पण अक्काचा भाचा उमरग्याहून यायचा होता. आमच्या लिंगायतांत मृताला आडवं ठेवत नाहीत, बसवतात. अक्काला भिंतीशी बसवलं होतं, कपाळावर विभूती, गळ्यात फुलं, मांडीवर बेलाची पानं. बायका भजन म्हणत होत्या. भाच्याची बस चुकली. तो आला तेव्हा दिवस कलला होता. अक्काला खांदा देणाऱ्यांत अप्पा होते, खड्ड्यात तिला टेकवून बसवणाऱ्यांतही अप्पा होते. त्यानंतर अंघोळी झाल्या. काम पुन्हा सुरू झालं ते दुसऱ्या दिवशी सकाळी.

तोवर आदल्या दिवशीचा माल दगड झाला होता. अप्पांनी त्याचा काठ टाचून खडबडीत केला, वर सिमेंटचं दाट पाणी ओतलं आणि तिथूनच पुढे माल टाकला. तेव्हा सगळे असंच करत. काम थांबवावं लागलं तर ते बीमच्या कुठल्या भागात थांबवायचं, काठ कसा ठेवायचा, हे मला कॉलेजात शिकवलं. अप्पांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी थांबवलं ते नेमकं खांबाजवळ, जिथे बीमवर कातरणारा जोर सगळ्यात जास्त असतो.

जेवणाची सुट्टी झाली. आमचे तंत्रज्ञ हेडमास्तरांबरोबर जेवायला गेले. मी 'आलोच' म्हणून मागे राहिलो आणि जे करायला नको ते केलं.

बीममध्ये लांबीच्या दिशेनं सळया असतात. आवाज काँक्रीटपेक्षा पोलादातून लवकर जातो. प्रोब बरोबर सळईच्या रेषेवर धरले तर आवाज सळईवरून भेग पार करतो, आणि आकडा चांगला दिसतो. म्हणून सळईपासून बाजूला मोजायचं असतं, ही आमच्या कामातली पहिली शिकवण. सळई शोधायचं छोटं यंत्र आमच्याजवळ होतं. मी सळई शोधली, तिच्या रेषेवर प्रोब धरले आणि चार आकडे वहीत लिहिले. चारही सुरेख होते. व्हरांड्यात मुलं ताटं घेऊन रांगेत बसत होती, त्यांचा गलका ऐकू येत होता. मी वही मिटली आणि घरी गेलो.

माझी आई, जिला मी अव्वा म्हणतो, भाकरी थापत होती. अप्पा भिंतीला टेकून बसले होते. आता त्यांना गुडघ्यांनी चालवत नाही. बोटं सिमेंटनं खाल्लेली आहेत, चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात. मी ताटावर बसलो तेव्हा त्यांनी विचारलं, "काय म्हणायलंय तुझं मशीन?"

"चांगलं आहे अप्पा. आकडे चांगले आलेत."

"कुटं कुटं लावलास?"

"सगळीकडं."

"दाराकडल्या खांबापाशी?"

मी घास तोंडात घातला. अप्पा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"लावलो," मी म्हणालो. घरी गेलो की माझी भाषा आपोआप घरची होते.

"मग?"

मी ताटात बघत भाकरी मोडत राहिलो.

"तितं चांगलं कसं येईल?" अप्पा म्हणाले. "तितं मी आदल्या दिवशी थांबवल्यालो. सेंट्रिंगच्या फळ्या काढल्या तवाच रेघ दिसल्याली मला. वरून गिलावा मारलो. कुणाला बोललो न्हाई."

"अप्पा, तुम्ही मुद्दाम केलं नाही. अक्का गेली होती."

"अक्कासाठी थांबवलो त्याचं काय न्हाई. आज असतं तरी थांबवलोच असतो. पर रेघ दिसल्यावर पोरं बसू दिलो, ते माझं चुकलं." त्यांनी श्वास घेतला. "दर पावसाळ्यात जाऊन बघायचो. वाढली का, ओल आली का. लोकांला वाटायचं, मेस्त्री आपला हॉल बघायला येतोय."

मी म्हणालो, "इतकी वर्षं काही झालं नाही ना."

"तुला दुसरीपासून त्या खांबापाशी बसवायला गुरुजीला मीच सांगितलो," अप्पा म्हणाले. "चौथीपातूर. तुला वाटायचं, फळा दिसावा म्हणून."

मला खरंच तसं वाटायचं.

"कामून अप्पा?"

"दुसऱ्याची लेकरं त्याच्याखाली बसायची. मग माझं कामून नको? पडलं तर आदी माझ्या घरात पडू दे म्हणलो."

भाकरी थापायचा आवाज थांबला होता. अव्वा हात पिठात तसेच ठेवून अप्पांकडे बघत होती.

"माझं एकच होतं की वो," ती म्हणाली.

तिनं हात पिठातून काढले.

"एकच होतं. मला इचारलासा?"

"इचारलो असतो तर तू बसू दिली नसतीस."

"न्हाईच दिले असते!" ती म्हणाली. "रोज वेणीफणी केल्यागत भांग पाडून, डबा देऊन धाडायची मी त्याला. रोज. आन तुमी बघायचा."

तव्यावरची भाकरी करपली. तिनं ती उतरवली नाही. उठली आणि परसात जाऊन उभी राहिली.

मी हात धुतले आणि शाळेत परत गेलो. आमचे तंत्रज्ञ यंत्राजवळ बसले होते, वही त्यांच्या हातात होती. ते चार आकडे त्यांनी पाहिले होते. त्यांना समजायला वेळ लागणार नव्हता. त्यांनी वही माझ्यापुढे धरली आणि एवढंच म्हणाले, "साब, ये लाइन सळई पे आ गई. गलती से." 'गलती से' हे त्यांनी अगदी हळू म्हटलं. मी त्या चारही ओळींवर रेघ मारली, खाली सही केली, आणि आम्ही पुन्हा सगळं मोजलं, सळई सोडून. सकाळचेच आकडे आले.

कलबुर्गीला परतल्यावर साहेबांना सगळं सांगितलं : मेस्त्री कोण, चार ओळी कशा आल्या. ते खूप रागावले, आणि ते बरोबरच होतं. त्यांनी दुसऱ्या इंजिनिअरला पाठवून तपासणी पुन्हा करून घेतली. निकाल बदलला नाही. अहवालात त्यांनी माझं नाव घातलं नाही. हॉल ताबडतोब रिकामा करावा, बीमला आधार द्यावा, मजबुतीकरण करता येईल, असं त्यात लिहिलं होतं. ते झालं नाही. पाडून नवा बांधायचं ठरलं. दाराकडचा बीम सोडला तर बाकीचं पाडायला फार वेळ लागला म्हणतात, इतकं ते घट्ट होतं. अप्पांना मी ते सांगितलं. त्यांनी फक्त मान हलवली.

पण मला सांगायचंय ते त्याआधीचं. हॉलला कुलूप लागलं त्या आठवड्यात मी गावी गेलो होतो. बीमखाली टेकू लावून झाले होते, ते नीट आहेत का ते पाहायला हेडमास्तरांकडून किल्ली घेतली. वाटेत कळलं, अव्वा माझ्या मागून येतेय. ती शाळेत फारशी कधी आली नव्हती. मी कुलूप उघडलं, टेकू पाहिले. वळलो तर ती उंबऱ्याच्या आत.

"अव्वा, बाहेर हो. आत यायची परवानगी नाही कुणाला."

"कुटं बसायचास?"

"अव्वा, आधी बाहेर चल."

"कुटं बसायचास, सांग."

मी हात दाखवला. ती खांबापाशी गेली, पदर सावरला आणि खाली फरशीवर बसली. मांडी घातली, पाठ खांबाला लावली. वर रेघेकडे पाहिलं नाही. समोर, जिथे फळा असायचा तिकडे पाहत राहिली.

"ऊठ ना ग."

"तू तीन वरीस बसलास," ती म्हणाली. "मी घटकाभर बसते. तू जा भाईर."

मी गेलो नाही. तिच्याजवळ उभा राहिलो. व्हरांड्यात पहिलीची मुलं पाढे म्हणत होती. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. नंतर तिनं हात वर केला, मी धरून तिला उठवलं. लुगड्याची धूळ तिनं झटकली नाही.

फाटकापाशी अप्पा उभे होते, काठीवर दोन्ही हात ठेवून. एवढं चालत ते कसे आले कोण जाणे. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. अव्वा त्यांच्या शेजारून निघाली, त्यांच्याकडे न बघता, घराच्या वाटेला लागली. अप्पा तिच्या मागून निघाले. तिला हाक मारली असती तर ती थांबली असती की नाही, मला माहीत नाही. त्यांनी मारली नाही. मी कुलूप लावलं, ओढून पाहिलं, आणि किल्ली परत द्यायला हेडमास्तरांच्या खोलीत गेलो.